होम थिएटरसाठी सबवूफर किती इंची घ्यावा? आधी टेप काढा, मग पाकीट



"सबवूफर किती इंची घेऊ रे?" हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच. कधी ऑफिसमधला मित्र, कधी मामेभाऊ, कधी सोसायटीच्या लिफ्टमध्ये भेटलेले एखादे काका. मी काही साऊंड इंजिनिअर नाही. कोडिंग करून पोट भरतो. पण या विषयात मी एकदा चांगलाच आपटलोय, आणि त्यानंतर जो अभ्यास केला तो आज तुमच्यासमोर मांडतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. नोकरीतला पहिला मोठा बोनस हातात आला होता. पुण्यातल्या आमच्या फ्लॅटमधली १० बाय १२ ची खोली मी होम थिएटरसाठी मागून घेतली. बाबा नुकतेच रिटायर झाले होते, त्यांना सिनेमाचं प्रचंड वेड. म्हटलं, दोघं मिळून रोज रात्री एक पिक्चर बघू. दुकानात गेलो, तिथल्या माणसाने १२ इंची पोर्टेड सबवूफर लावून दाखवला. छातीत धडधड झाली आणि मी तिथेच कार्ड काढलं. ३८ हजार रुपये.

घरी आणून जोडला. पहिल्या आठवड्यात मी खूष. दुसऱ्या आठवड्यात बाबा म्हणाले, "अरे, तो माणूस काय बोलतोय तेच कळत नाही. नुसतं घुमतंय." तिसऱ्या आठवड्यापासून ते "मी हॉलमध्येच बातम्या बघतो" म्हणून उठून जायला लागले. आणि महिन्याभरात खालच्या मजल्यावरच्या काकू दारात. "रात्री दळण घालता का रे तुम्ही? आमच्या शोकेसची काच वाजते. यांना बायपासनंतर आधीच झोप कमी, त्यात हे."

सहा महिन्यांनी तो सबवूफर मी २४ हजारांना विकला. म्हणजे १४ हजार रुपये ट्यूशन फी. ती फी तुम्हाला भरावी लागू नये म्हणून हा लेख.

सबवूफर नेमकं करतो काय?

माणसाच्या कानाला साधारण २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. यातला सगळ्यात खालचा तुकडा, म्हणजे २० ते ८० हर्ट्झच्या आसपासचा, हे सबवूफरचं खरं कार्यक्षेत्र. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झला वाजते. पियानोची सगळ्यात डावीकडची पट्टी २७.५ हर्ट्झला. सिनेमातले स्फोट, भूकंप, राक्षसाची पावलं यापेक्षाही खाली जातात.

५.१ मधला तो ".१" म्हणजे याच आवाजासाठी ठेवलेला वेगळा चॅनल. त्याला एलएफई म्हणतात आणि त्यात १२० हर्ट्झपर्यंतचाच आवाज असतो. शिवाय बाकीच्या छोट्या स्पीकर्सना न झेपणारा बेसही रिसीव्हर सबवूफरकडे वळवतो.

आता गंमत बघा. खालच्या आवाजाला आपला कान बराचसा बहिरा असतो. १००० हर्ट्झचा आवाज २-३ डेसिबल असला तरी शांत खोलीत ऐकू येतो. २० हर्ट्झचा आवाज मात्र जेमतेम ऐकू यायलाच ७८ डेसिबलच्या आसपास लागतो. म्हणून सबवूफरला भरपूर हवा हलवावी लागते. "किती इंची" हा प्रश्न इथून सुरू होतो.

इंच म्हणजे किती हवा?

वूफरचा कोन म्हणजे एक पंपच समजा. तो किती हवा हलवतो हे दोन गोष्टींवर ठरतं: कोनचं क्षेत्रफळ आणि कोन पुढे-मागे किती सरकतो ते अंतर. यांचा गुणाकार म्हणजे हललेली हवा.

क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, हे शाळेत शिकलोय. त्यामुळे हिशेब असा होतो:

८ इंच: ६४
१० इंच: १००
१२ इंच: १४४
१५ इंच: २२५

म्हणजे १० चा १२ केला की नुसते "दोन इंच" वाढत नाहीत, क्षेत्रफळ ४४ टक्के वाढतं. ८ च्या तुलनेत १२ इंची सव्वादोन पट. खरा कोन फ्रेमच्या आत असल्यामुळे थोडा लहान असतो, पण प्रमाण साधारण हेच राहतं.

दुसरा नियम अजून महत्त्वाचा. फ्रिक्वेन्सी निम्मी केली की तेवढाच आवाज काढायला चौपट हवा हलवावी लागते. ४० हर्ट्झला आरामात वाजणारा ८ इंची वूफर २० हर्ट्झला तोच आवाज काढू पाहील तर त्याच्या कोनला चौपट सरकावं लागेल. तेवढी जागा त्याच्याकडे नसतेच. मग आवाज फाटतो, किंवा आतलं सर्किट वूफरला वाचवण्यासाठी बेस गुपचूप कापून टाकतं.

तर मग सरळ सगळ्यात मोठा घ्यावा की! मीही असाच विचार केला होता. पण प्रत्येकाला तेवढ्या हवेची गरज असते का?

तुम्ही किती जोरात ऐकता?

थिएटरच्या रेफरन्स लेव्हलला एलएफई चॅनलचा सर्वोच्च आवाज ११५ डेसिबलपर्यंत जाऊ शकतो. घरी असं कुणी ऐकत नाही, फ्लॅटमध्ये तर नाहीच. बहुतेक लोक रिसीव्हरचा व्हॉल्यूम रेफरन्सच्या १५-२० डेसिबल खाली ठेवतात.

२० डेसिबल खाली म्हणजे किती? पॉवर शंभरावा भाग. आणि हलवायची हवा दहावा भाग! आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर दिवसाला हजार युझर येणाऱ्या साईटसाठी मी दहा लाखांचा सर्व्हर घेऊन ठेवला होता. आधी लोड किती येणार ते बघायला हवं होतं.

म्हणून पहिला प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. रात्री दहानंतर, घरात माणसं झोपलेली असताना, माझा व्हॉल्यूम खरोखर कितीवर असतो?

खोलीचं माप: लांबी, रुंदी, उंची

आता टेप काढा. तिन्ही मापं फुटात घ्या आणि गुणा. माझी खोली १० × १२ × ९.५ = ११४० घनफूट.

इथे एक मोठा घोळ होतो. बेसला दरवाजा नसलेली कमान, उघडं किचन, जिना हे सगळं एकाच खोलीसारखं दिसतं. २० हर्ट्झच्या लाटेची लांबी १७ मीटर, म्हणजे जवळपास ५६ फूट असते. ती तुमच्या हॉलमध्ये थांबत नाही, पॅसेजमधून पार बेडरूमपर्यंत जाते. त्यामुळे हॉलला लागून डायनिंग उघडं असेल तर त्याचंही घनफळ धरा.

मी स्वतः वापरतो तो ठोकताळा असा आहे. हा कायदा नाही, सुरुवात कुठून करायची ते सांगणारा अंदाज आहे:

१२०० घनफुटांपर्यंतची बंद खोली: ८ किंवा १० इंची, सील्ड
१२०० ते २०००: १० इंची, किंवा १२ इंची सील्ड
२००० ते ३५००: १२ इंची पोर्टेड, किंवा दोन १० इंची
३५०० च्या पुढे: दोन १२ इंची, किंवा १५ इंची

परदेशी वेबसाईट आणि यूट्यूब चॅनल्सवर याहून मोठे आकडे दिसतील. त्याचं एक कारण घरांच्या बांधकामात आहे. अमेरिकेतल्या बहुतेक घरांच्या भिंती लाकडी सांगाड्यावर ठोकलेल्या जिप्समच्या पातळ फळ्यांच्या असतात. त्या बेसबरोबर थरथरतात, थोडा बेस शोषून घेतात, थोडा बाहेर जाऊ देतात. आपल्या विटांच्या भिंती आणि आरसीसी स्लॅब बेसला जवळपास जसाच्या तसा परत फेकतात. त्यामुळे आपल्याकडे छोट्या बंद खोलीत कमी इंचात जास्त बेस मिळतो. पण तो घुमतोही जास्त.

बेस घुमतो का?

प्रत्येक खोलीचे स्वतःचे काही ठरलेले सूर असतात. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये लाट अडकते आणि ठरावीक फ्रिक्वेन्सीला फुगते. याला रूम मोड म्हणतात. पहिला मोड काढायचं सूत्र सोपं आहे: ५६२ ला भिंतींमधल्या फुटातल्या अंतराने भागा.

माझ्या खोलीचं बघा:

१२ फूट लांबी: ४७ हर्ट्झ
१० फूट रुंदी: ५६ हर्ट्झ
९.५ फूट उंची: ५९ हर्ट्झ

५६ आणि ५९ एकमेकांना चिकटून! म्हणजे रुंदी आणि उंची दोघं मिळून एकाच जागी आवाज फुगवत होते. पुढे मी मोजमापाचा माईक आणून 'रूम ईक्यू विझार्ड' या फुकट सॉफ्टवेअरवर ग्राफ काढला, तर तिथे १४ डेसिबलचा डोंगर उभा होता. बाबा म्हणत होते ते "घुमतंय" मला स्क्रीनवर दिसलं. त्यांना हर्ट्झ माहीत नव्हतं, पण कान बरोबर होते.

मोडचा जोर भिंतीजवळ सगळ्यात जास्त असतो आणि कोपऱ्यात तर तिन्ही दिशांचे मोड एकदम पेटतात. माझा सबवूफर कुठे होता? कोपऱ्यात. आमचा सोफा कुठे होता? मागच्या भिंतीला टेकून. म्हणजे दोन्ही चुका एकदम.

तिसरी चूक क्रॉसओव्हरची. कोणत्या फ्रिक्वेन्सीखालचा आवाज सबवूफरकडे जाईल ती सीमा म्हणजे क्रॉसओव्हर. मी तो १५० हर्ट्झवर ठेवला होता, कारण दुकानात तसाच होता. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर साधारण १०० ते १२० हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणजे नायकाच्या संवादाचा खालचा भाग पडद्याजवळून न येता कोपऱ्यातल्या डब्यातून येत होता. त्यावर ५६ हर्ट्झचा घुमार. संवाद कळणार कसे?

टीएचएक्सने सुचवलेला ८० हर्ट्झ हा क्रॉसओव्हर बहुतेक घरांत नीट चालतो. ८० च्या खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला फारसं कळत नाही, त्यामुळे सबवूफर जरा बाजूला असला तरी चालतो.

मग १२ इंची घेणं चूक होतं का?

खरं सांगू? १२ इंची एकटा गुन्हेगार नव्हता. तोच सबवूफर योग्य जागी ठेवला असता, क्रॉसओव्हर ८० वर आणला असता आणि लेव्हल कमी केली असती, तर निम्म्याहून जास्त त्रास गेला असता. लहान वूफर "फास्ट" आणि मोठा "स्लो" असतो असं लोक म्हणतात, त्यातही फारसं तथ्य नाही. बेस रेंगाळतो तो बहुतेक वेळा खोलीमुळे.

पण तो योग्य जागी ठेवता येत नव्हता. कारण त्याची पेटी! पोर्टेड १२ इंची म्हणजे जवळपास दोन फूट खोल खोका. टीव्ही युनिटच्या मध्ये मावेना, बाजूला ठेवला तर दरवाजा उघडेना. राहिला तो कोपरा.

ही गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. आपण वूफरचे इंच बघतो आणि घरी येतो तो खोका. खोक्याच्या मापावरून जागा ठरते आणि जागेवरून आवाज. म्हणून माझा आजचा क्रम असा आहे: आधी जागा, मग त्या जागेत मावणारी पेटी, मग त्या पेटीतले इंच.

सील्ड की पोर्टेड?

सील्ड म्हणजे सगळीकडून बंद पेटी. पोर्टेड म्हणजे जिला नळीसारखं भोक असतं ती. पोर्टच्या मदतीने त्याच वूफरमधून खालचा बेस जास्त निघतो, पण पेटी मोठी लागते. शिवाय पोर्ट ज्या फ्रिक्वेन्सीला ट्यून केलेला असतो, त्याच्याखाली आवाज झपकन पडतो, एका सप्तकाला २४ डेसिबल. सील्डमध्ये ही घसरण १२ डेसिबलची असते, म्हणजे उतार सौम्य.

छोट्या बंद खोलीत याचा फायदा होतो. खोलीच्या सगळ्यात खालच्या मोडच्याही खाली गेलात की लाटेला पसरायला जागाच उरत नाही, सबवूफर पूर्ण खोलीतली हवा एकदम दाबतो-सोडतो. त्यामुळे जसजसं खाली जाल तसतसा खोली स्वतःहून आवाज वाढवते. याला रूम गेन म्हणतात. सील्डचा आवाज खाली उतरत जातो आणि खोली तो वर उचलते. दोघांची जोडी जमते. फक्त दार-खिडक्या बंद हव्यात.

मोठ्या, उघड्या हॉलमध्ये ही मदत फारशी मिळत नाही. तिथे पोर्टेड, मोठा किंवा एकापेक्षा जास्त सबवूफर लागतात.

यामागे हॉफमनचा नियम म्हणून एक जुना नियम आहे. केएलएच या अमेरिकन स्पीकर कंपनीच्या नावातला "एच" म्हणजे हे हॉफमन. लहान पेटी, खोल बेस आणि कमी पॉवरमध्ये मोठा आवाज, यापैकी कोणत्याही दोनच गोष्टी मिळतात. तिसरी सोडावी लागते. "एवढासा डब्बा, थिएटरसारखा बेस" अशी जाहिरात दिसली की हा नियम आठवा.

नाशिकच्या दादाचा हॉल

आता उलट उदाहरण. माझ्या मामेभावाने नाशिकला बंगला बांधला. फोन आला, "मला ८ इंची सबवूफर स्वस्तात मिळतोय, घेऊन टाकू का?"

मी म्हटलं, "दादा, आधी टेप घे."

हॉल १४ × १८ × १० म्हणजे २५२० घनफूट. लागून उघडं डायनिंग १२ × १२ × १०, म्हणजे आणखी १४४०. एकूण ३९६०, वर उघडा जिना. या हिशेबाने ८ इंची म्हणजे विहिरीत वाटीभर पाणी ओतण्यासारखं. दादा व्हॉल्यूम वाढवत गेला असता, वूफर फाटत गेला असता आणि वर्षभरात कॉईल जळाली असती.

त्याने एकदम न घेता टप्प्याने दोन १२ इंची घेतले. आधी एक, सहा महिन्यांनी तस्साच दुसरा. दोन का? एकाच जागी ठेवलेले दोन सबवूफर मिळून ६ डेसिबलपर्यंत वाढ देतात हे एक. पण खरा फायदा वेगळाच. हर्मन कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये याच विषयावर पेपर मांडला होता: आयताकृती खोलीत किती सबवूफर पुरेसे? समोरासमोरच्या भिंतींच्या बरोबर मध्यभागी दोन सबवूफर ठेवले की काही मोड आपोआप शांत होतात आणि प्रत्येक सीटवर बेस बऱ्यापैकी सारखा येतो. दादाकडे रविवारी आठ-दहा माणसं क्रिकेट बघायला बसतात. एकालाच मजा आणि बाकीच्यांना घुमार, असं आता होत नाही.

डब्यावरचे आकडे वाचताना

१. पीएमपीओ वॅट विसरा. लहानपणी आपल्या कॉम्प्युटरच्या स्पीकरवर हजारो वॅट लिहिलेलं असायचं, तो हाच प्रकार. आरएमएस वॅट बघा.

२. वॅट दुप्पट म्हणजे आवाज दुप्पट नाही. पॉवर दुप्पट केली की फक्त ३ डेसिबल वाढतात. २०० वॅट आणि ३०० वॅट यातला फरक २ डेसिबलही नाही.

३. "२० ते २०० हर्ट्झ" एवढंच लिहिलं असेल तर त्याला अर्थ नाही. पुढे "अधिक-उणे ३ डेसिबल" असं आहे का ते बघा. नसेल तर २० हर्ट्झला आवाज किती पडलाय कुणास ठाऊक.

४. सीईए-२०१० या पद्धतीने मोजलेले आकडे मिळाले तर सोनं. कोणत्या फ्रिक्वेन्सीला, न फाटता, जास्तीत जास्त किती आवाज निघतो हे त्यात असतं. दोन सबवूफरची तुलना करायला इंचांपेक्षा हे कितीतरी भरवशाचं.

५. पेटीची लांबी-रुंदी-उंची आणि मागे वायरसाठी लागणारी ३-४ इंच जागा. ही लिहूनच घ्या.

जागा शोधायची सोपी युक्ती

सबवूफर चक्क तुमच्या सोफ्यावर, तुम्ही बसता त्या जागी ठेवा. बेस भरपूर असलेलं एखादं गाणं रिपीटवर लावा. मग जिथे जिथे सबवूफर ठेवता येईल तिथे तिथे गुडघ्यावर रांगत जा आणि ऐका. जिथे बेस सगळ्यात स्वच्छ आणि एकसारखा वाटतो, तिथे सबवूफर ठेवायचा. घरचे हसतील, हसू द्या. सबवूफर आणि कान यांच्या जागा अदलाबदल केल्या तरी भौतिकशास्त्र तेच राहतं, म्हणून ही युक्ती चालते.

नंतर रिसीव्हरचं ऑटो कॅलिब्रेशन करा. ऑडिसी, डिरॅक वगैरे. फुगलेला बेस ते बऱ्यापैकी खाली आणतात. पण जिथे बेस गायबच होतो ती जागा कॅलिब्रेशनने भरत नाही. त्यासाठी सबवूफर किंवा सोफा हलवावाच लागतो.

शेजाऱ्यांचं काय?

आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि परदेशी लेखांमध्ये जवळपास नसतोच.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. मी काकूंना सुरुवातीला मोबाईलवरचं ॲप दाखवून म्हणालो होतो, "बघा काकू, मर्यादेत आहे." आज त्याची लाज वाटते. कारण ते मोजमाप ए-वेटेड असतं. ३१.५ हर्ट्झच्या आवाजातून हा हिशेब जवळपास ३९ डेसिबल वजा करतो. म्हणजे ॲपवर आकडा शांत, आणि काकूंच्या शोकेसची काच मात्र वाजतेय. आकडा खोटा नव्हता, पण मी चुकीच्या गोष्टीला आकडा लावत होतो.

काय करता येतं?

सबवूफरखाली चांगले आयसोलेशन पॅड किंवा रबरी पाय लावा. पेटीची थरथर स्लॅबमध्ये उतरायची कमी होते. हवेतून जाणारा बेस मात्र याने थांबत नाही, हे लक्षात ठेवा.

आपल्याच घरातल्या खडखडणाऱ्या वस्तू शोधा. स्लायडिंग खिडक्या, माळ्याची दारं, स्टीलचे डबे. निम्मा "बेस" यांचाच असतो.

रात्रीसाठी रिसीव्हरमधला नाईट मोड वापरा आणि सबवूफरची लेव्हल ५-६ डेसिबल खाली आणा. अनेक रिसीव्हरमध्ये ही सेटिंग सेव्ह करता येते.

धडधड हवीच असेल तर सोफ्याला बसवायचा बेस शेकर मिळतो. तो आवाज न करता सोफाच हलवतो. सोफ्याच्या पायांखाली रबर मात्र लावा.

आणि सगळ्यात खात्रीचा उपाय: खाली जाऊन ऐका.

मी नंतर तेच केलं. १२ इंची विकल्यावर १० इंची सील्ड घेतला, साधारण १४ इंचांचा चौकोनी ठोकळा. टीव्ही युनिटचा एक कप्पा सुताराकडून काढून घेतला आणि सबवूफर समोरच्या १० फुटी भिंतीच्या बरोबर मध्यभागी बसवला. त्या जागी रुंदीचा ५६ हर्ट्झचा मोड पेटतच नाही. सोफा मागच्या भिंतीपासून ३ फूट पुढे घेतला, क्रॉसओव्हर ८० वर आणला. पुन्हा ग्राफ काढला, १४ चा डोंगर ५ वर आला होता.

मग एका शनिवारी संध्याकाळी काकूंकडे जाऊन बसलो. वर बाबांच्या हातात रिमोट, मी फोनवर. "बाबा, अजून दोन वाढवा... अजून दोन... थांबा." काका म्हणाले, "आता ऐकू येतंय." आम्ही तिथून चार पायऱ्या खाली आलो आणि तो आकडा एका चिकटपट्टीवर लिहून रिसीव्हरवर लावला. दहानंतर त्याच्या वर जायचं नाही. आजपर्यंत पुन्हा तक्रार आलेली नाही.

थोडक्यात

दुकानात जाण्याआधी कागदावर एवढं लिहून न्या:

१. खोलीचं घनफळ, उघडं डायनिंग-पॅसेज धरून
२. ५६२ भागिले लांबी, रुंदी, उंची: तिन्ही आकडे
३. सबवूफर ठेवता येईल अशा दोन जागा आणि तिथे मावणाऱ्या पेटीचं माप
४. रात्रीचा तुमचा खरा व्हॉल्यूम
५. भिंतीपलीकडे आणि स्लॅबखाली कोण राहतं

या पाच ओळी हातात असल्या की "किती इंची" याचं उत्तर बहुतेक वेळा आपोआप समोर येतं. दुकानातल्या डेमोला भुलू नका. तो डेमो दुकानाच्या खोलीचा असतो, आणि ती खोली तुम्ही घरी आणणार नसता.

बाकी आमच्याकडे आता रोज रात्री साडेआठचा शो असतो. परवा बाबा मध्येच म्हणाले, "जरा आवाज वाढव रे." मी चिकटपट्टीकडे बोट दाखवलं.